तापलं की मंद होणारा दिवा

मे महिना, नागपूर, दुपारचे तीन. मामांच्या घरी वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत माझा मामेभाऊ आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचं सबमिशन रेंडर करत, म्हणजे संगणकाकडून इमारतीची चित्रं तयार करून घेत, बसला होता. संगणकाच्या कॅबिनेटच्या काचेतून ग्राफिक्स कार्डावरची दिव्यांची पट्टी लालभडक दिसत होती. मी म्हटलं, "अरे, केवढं तापलंय बघ ते." तो वाकून बघत म्हणाला, "हो न दादा. गरम झालं की ह्याचा लाइट मंद होते. माहीत आहे मले."

मंद? मला तर तो डोळ्यांत खुपत होता.

त्याच्या या वाक्यापायी माझ्या पुढच्या दीड-दोन महिन्यांच्या सगळ्या रविवारांची वाट लागली. काम तसं क्षुल्लक होतं: कार्डाच्या तापमानाप्रमाणे बदलणारे रंग आपल्याला हवे तसे लावून घेणं. कोणी विचारलं असतं तर मी 'अर्ध्या तासाचं काम' असंच सांगितलं असतं. ते लांबलं कारण कारखान्यात लावून दिलेले रंग भलत्याच डोळ्यांसाठी होते आणि त्यांच्या मर्यादा भलत्याच खोलीसाठी. यातलं पहिलं मला त्याच दुपारी समजलं. दुसरं समजायला महिना गेला.

भावाला लाल-हिरव्यात फरक करता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मामीच्या वडिलांनाही तसंच आहे, आणि हा दोष एक्स गुणसूत्रावरून आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे त्यात नवल नाही. मला माहीत नव्हतं ते एवढंच की या दोषाचे प्रकार असतात. ठिपक्यांत आकडे लपवलेली जी इशिहारा चाचणी १९१७ पासून जगभर चालते, तिच्यावरून डॉक्टरांनी त्याला 'प्रोटॅन' प्रकार सांगितला होता. या प्रकारात लांब तरंगलांबीचा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी नसतात किंवा नीट काम करत नाहीत. म्हणजे लाल नुसता हिरव्यासारखा वाटतो असं नाही, तो मुळातच अंधुक दिसतो. एलईडीतला लाल साधारण ६२० ते ६३० नॅनोमीटरचा असतो, अगदी त्या टोकाचा. कार्ड बनवणाऱ्यांनी सर्वांत मोठ्या धोक्यासाठी जो रंग निवडला, तोच त्याच्या डोळ्यांना सर्वांत मंद दिवा होता. कार्ड जितकं तापेल तितकी सूचना विझत जायची.

पिवळ्याचीही गंमत बघा. कार्डावरच्या पट्टीत पिवळा एलईडी नसतोच. लाल आणि हिरवा एकत्र पेटवून तो भास तयार करतात. त्याच्या डोळ्यांना त्यातला हिरवाच प्रामुख्याने जाणवणार. म्हणून 'हिरवा, पिवळा, लाल' या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन त्याला एकसारख्या आणि तिसरी मंद. रस्त्यावरच्या सिग्नलला कसं करतोस, असं विचारलं तर म्हणाला, "तिथं मी रंग नाही पाहत, वरचा पेटला का खालचा ते पाहतो." चांगला मार्ग आहे, पण या कार्डाची अख्खी पट्टी एकाच रंगात पेटते. तिच्यातले दिवे सुटेसुटे चालवता येत नाहीत. तसे चालवता आले असते तर मी तापमानाप्रमाणे लांब-आखूड होणारी रेघ केली असती आणि हे प्रकरण तिथेच मिटलं असतं.

आता यंत्राबद्दल. कार्ड एनव्हीडियाच्या चिपचं, आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, सेकंडहँड घेतलेलं. दोन पंखे, कडेला एक पट्टी, मागच्या बाजूला चमकणारा लोगो. पट्टी आणि लोगो वेगवेगळ्या रंगांत ठेवता येतात, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिच्या ॲपबद्दल मी जे बोलणार आहे ते कौतुकाचं नाही. त्या ॲपमध्ये 'तापमानानुसार रंग' असा पर्याय होता. ५० अंशांपर्यंत हिरवा, ७० पर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. रंग बदलता येत होते, पण मर्यादांच्या पट्ट्या कितीही सरकवल्या तरी मशीन पुन्हा सुरू केलं की जुन्याच जागी यायच्या. शिवाय ते ॲप दोन-तीन सेवा, म्हणजे न दिसणारे छोटे प्रोग्राम, पाठीमागे चालवत ठेवायचं आणि अपडेटसाठी दर आठवड्याला तोंड वर काढायचं.

मर्यादा चुकीच्या होत्या, म्हणजे नक्की कशा? हे समजायला नोंदी हव्यात. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरबरोबर 'एनव्हीडिया-एसएमआय' नावाचं छोटं साधन येतं. काळ्या खिडकीत चालतं, दिसायला रुक्ष, पण कार्डाची जवळजवळ सगळी माहिती त्यातून मिळते. त्याला दर पाच सेकंदांनी तापमान, पंख्याचा वेग आणि वीजवापर फाइलमध्ये लिहायला लावलं आणि आठवडाभर तसंच चालू ठेवलं. खोलीत एक साधा डिजिटल तापमापक टांगला. कूलर होता, पण ओलसर हवा थेट मशीनवर नको म्हणून भाऊ दुपारी रेंडरच्या वेळी तो बंद ठेवायचा आणि स्वतः खाली जाऊन झोपायचा.

आठवड्यानंतरचं चित्र असं. दुपारी खोली ३८ अंश. काही काम नसतानाही कार्ड ५५-५६ वर. म्हणजे ॲपच्या हिशेबाने नुसतं बसूनच पिवळं. रेंडर सुरू झालं, वीजवापर १७० वॅटच्या कमाल मर्यादेला टेकला, की वीस मिनिटांत ७८. लाल. सकाळी सातला खोली ३१, रेंडरमध्ये कार्ड ७२. तरीही लाल. त्याच्याकडे थंडीतल्या काही नोंदी योगायोगाने होत्या, कारण गेम खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवायची त्याला हौस आहे: जानेवारीत पूर्ण भारावर ६४-६५. पिवळं. थोडक्यात, उन्हाळ्यात लाल म्हणजे 'काम चालू आहे' आणि हिवाळ्यात पिवळं म्हणजेही 'काम चालू आहे'. कार्डाला काही त्रास आहे का, याचं उत्तर दोन्ही ऋतूंत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मलाही होता. रिकाम्या कार्डाचे ५५ अंश म्हणजे गडबड नाही. अशी बरीच कार्डं कमी तापमानाला पंखे पूर्ण थांबवतात, आवाज नको म्हणून. पंखा थांबलेला असताना कार्ड खोलीपेक्षा सतरा-अठरा अंश वर राहणार, यात काही वावगं नाही. पन्नाशीवर पिवळा दाखवणाऱ्याच्या डोळ्यासमोर वीस-बावीस अंशांची वातानुकूलित खोली असावी. विदर्भातल्या मे महिन्यात ते शक्य नाही.

मग मर्यादा कुठून घ्यायच्या? इंटरनेटच्या मंचांवर जितके लोक तितके आकडे. एकजण ७० म्हणतो, दुसरा ८५ पर्यंत चिंता नाही म्हणतो. खरं तर कार्डालाच विचारता येतं. त्याच एनव्हीडिया-एसएमआयला तापमानाचा सविस्तर अहवाल मागितला की कार्डाच्या स्वतःच्या मर्यादा छापून येतात. या कार्डाने सांगितलं: लक्ष्य तापमान ८३, कामाचं कमाल तापमान ९३, सक्तीने वेग कमी करण्याचं ९५, बंद पडण्याचं ९८. ८३ ला पोचलं की कार्ड स्वतःहून वेग आवरून तिथेच राहायचा प्रयत्न करतं. त्याच्या आधीही तापमान चढेल तसा घड्याळाचा वेग, म्हणजे चिप ज्या ठेक्यावर काम करते तो, १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरत असतो, पण तो फरक रेंडरच्या वेळेत जाणवण्याइतका नसतो. तेव्हा ज्या आकड्याची दखल घ्यायची तो ८३. आमच्या मर्यादा ठरल्या: ६० पर्यंत एक रंग, ६० ते ७५ मध्ये हळूहळू बदल, ७५ ते ८३ मध्ये दुसऱ्या रंगाकडे, आणि ८३ च्या वर अर्धा मिनिट राहिलं तर उघडझाप. ही उघडझाप रंगावर अवलंबून नाही, म्हणून ती कोणत्याही डोळ्यांना दिसणार.

आता रंग. लाल-हिरवा दोष असणाऱ्यांना निळा आणि पिवळा यांतला फरक सहसा नीट दिसतो. म्हणून निळ्याकडून नारिंगीकडे जायचं ठरलं. कागदावर सोपं. मी दोन टोकांच्या रंगांचे आकडे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) घेतले आणि मधले सरळ भागून काढले. पट्टी मध्यावर आली तेव्हा तिचा रंग धुतलेल्या गुलाबी साडीसारखा झाला. भाऊ म्हणाला, "हा कोणता आहे?" मलाही सांगता आलं नाही. निळ्यातून नारिंगीकडे सरळ रेषेत गेलं की मध्ये राखाडी-गुलाबी चिखल लागतो. म्हणून मध्ये पांढऱ्याचा थांबा घातला. निळा, मग पांढरा, मग नारिंगी. निळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना आकाशी-हिरवट छटा टाळावी लागली, कारण प्रोटॅन डोळ्यांना निळा-हिरवा हाच मुळी पांढरा किंवा राखाडी दिसतो.

दुसरी अडचण उजेडाची. एलईडीला २५५ पैकी १२८ सांगितलं की तो निम्मी वीज घेतो, पण डोळ्यांना तो निम्मा वाटत नाही, पाऊण पेटल्यासारखा वाटतो. निम्मा वाटायला ५५ च्या आसपास यावं लागतं. ही वक्रता हिशेबात धरली नाही तर सगळा बदल सुरुवातीच्या चार-पाच अंशांतच उरकतो आणि पुढे पट्टी जागची हलत नाही. आणि तिसरी: पडद्यावरचा नारिंगी पट्टीवर नारिंगी येत नाही. संगणकावर २५५, १६५, ० हा चांगला नारिंगी आहे. पट्टीवर तोच लिंबासारखा दिसला, कारण एलईडीतला हिरवा फार जोरकस असतो. आम्ही हिरवा कमी करत करत २५५, १००, ० वर आलो. पांढराही तीनही २५५ दिला की निळसर येत होता, तो २५५, १९०, १४० ला शांत झाला. हे आकडे या एका कार्डाचे आहेत, कोणी उचलून जसेच्या तसे लावू नयेत. निवडणं मात्र त्याच्यावर सोपवलं. मी आकडा बदलायचो, न सांगता, आणि तो तीन चिठ्ठ्यांपैकी एक उचलायचा: थंड, मधलं, गरम. वीस वेळा केलं. वीसही बरोबर आल्यावर थांबलो. जुन्या तीन रंगांवर हाच खेळ आधी केला होता, त्यात थंड आणि मधलं यांच्यात तो निव्वळ अंदाज करत होता.

रंग चालवायला साधन कोणतं, हा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेतोय, कारण लोक तिथूनच सुरू करतात आणि तिथेच अडकतात. आसुसचं ऑरा, एमएसआयचं मिस्टिक लाइट, गिगाबाइटचं आरजीबी फ्यूजन असे प्रत्येकाचे आपापले संसार आहेत, आणि एका घरचं दुसऱ्या घरी चालत नाही. कार्ड मात्र कंपनीच्या उत्साहापेक्षा जास्त वर्षं टिकतं. ईव्हीजीएसारख्या नावाजलेल्या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सेकंडहँड बाजारातून कार्ड घेणाऱ्याने अशा गोष्टी धरून चालावं. म्हणून आम्ही ओपनआरजीबीकडे वळलो. ॲडम होन्स यांनी सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प अनेक कंपन्यांचे दिवे एका जागेवरून चालवतो.

हा निर्णय डोळे मिटून घेण्यासारखा नाही. कार्डावरचे दिवे एका छोट्या नियंत्रक चिपकडून चालतात, आणि तिच्याशी बोलायची वाट म्हणजे आय-टू-सी नावाची दोन तारांची जुनी पद्धत. त्याच तारांवर दुसऱ्या चिपही असू शकतात. चुकीच्या पत्त्यावर चुकीचं पत्र गेलं तर नुकसान होऊ शकतं. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात काही मदरबोर्डांचे दिव्यांचे नियंत्रक असे खराब झाले होते, आणि ते त्यांनी लपवून ठेवलेलं नाही. म्हणून आपलं नेमकं कार्ड त्यांच्या यादीत आहे का ते पाहावं, नसेल तर 'असंच असेल' म्हणून दुसऱ्याच्या नावाने चालवू नये. आमचं यादीत होतं.

पहिल्याच दिवशी पट्टी वेड्यासारखी करायला लागली. निळी, हिरवी, निळी, हिरवी, सेकंदाला एकदा. कंपनीचं ॲप बंद केलं होतं, पण त्याची पाठीमागची सेवा जिवंत होती, आणि दोघेही एकाच चिपला हुकूम सोडत होते. एका म्यानात दोन तलवारी. ॲप पूर्ण काढून, मशीन पुन्हा सुरू केल्यावर भांडण मिटलं.

मग एक बारीकसं पण महत्त्वाचं. कार्डाच्या नियंत्रकाला रंग दोन प्रकारे देता येतो. एक 'डायरेक्ट': रंग लगेच लागतो, कुठे साठत नाही, वीज गेली की विसरला. दुसरा, जपून ठेवायचा: तो चिपच्या फ्लॅश स्मृतीत लिहिला जातो. फ्लॅशवर लिहिण्याच्या वेळा मोजक्या असतात. तापमानानुसार रंग म्हणजे दिवसाला हजारो बदल. ते दर वेळी फ्लॅशमध्ये जपत बसलो असतो तर आपण हौसेने त्या चिपचं आयुष्य खाल्लं असतं. बदलणारे रंग फक्त डायरेक्टमध्ये. फ्लॅशमध्ये एकदाच एक रंग लिहून ठेवला, जांभळा. त्याचं कारण पुढे येईल.

ओपनआरजीबीला 'हार्डवेअर सिंक' नावाचा एक जोड (प्लगइन) मिळतो. तापमान निवडा, रंगांची पट्टी आखा, झालं. ज्याला एवढंच हवं त्याने इथेच थांबावं, पुढचं वाचायची गरज नाही. आम्ही आठवडाभर तेच वापरलं आणि पट्टीचं काम बऱ्यापैकी झालंही. मला स्वतःचा प्रोग्राम लिहावा लागला तो लोगोमुळे.

पट्टी तापमान सांगत होती, मग लोगोला काय द्यायचं? मला वाटलं, पंख्याचा वेग. पट्टी सांगेल किती तापलंय, लोगो सांगेल त्यासाठी पंखा किती राबतोय. दोन्ही एकत्र वाचलं की कार्डाची तब्येत कळेल. फार हुशारी वाटली. ओपनआरजीबी आपला सर्व्हर ६७४२ क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून त्याला रंग पाठवता येतात. तापमान आणि पंख्याचा वेग एनव्हीडियाच्याच एनव्हीएमएल लायब्ररीतून. साठ-सत्तर ओळींत काम झालं. दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की लोगो आणि पट्टी कायम एकत्रच बदलतात. बदलणारच! या कार्डात पंख्याचा वेग तापमानावरूनच ठरतो. मी एकच गोष्ट दोन दिव्यांनी दोनदा सांगत होतो.

जी माहिती खरोखर वेगळी होती ती कार्डात नव्हतीच, ती खोलीत होती. नोंदींकडे परत गेलो. पूर्ण १७० वॅट भारावर कार्ड खोलीपेक्षा किती वर जातं? खोली ३८ असताना ४० अंश. ३१ असताना ४१. जानेवारीत खोली साधारण २२ होती, तेव्हा ४२-४३. आपोआप वाढणाऱ्या पंख्यामुळे उन्हाळ्यात दोन-तीन अंश कमी, बाकी आकडा जवळजवळ ठाम. कार्डाचं तापमान ६५ पासून ७८ पर्यंत फिरत होतं, पण त्याचं खोलीशी असलेलं अंतर जागचं हलत नव्हतं. हे अंतर वाढलं, तरच कार्डात काहीतरी बिघडतंय: धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप), अडकलेला पंखा. लोगोचं काम सापडलं.

त्यासाठी खोलीचं तापमान यंत्राला कळायला हवं. आधी प्रोग्राम सुरू होताना भावाला आकडा विचारायचा. चौथ्या दिवशी तो कंटाळला आणि रोज ३५ टाकू लागला. मग बर्डीच्या बाजारातून डीएस१८बी२० हा तापमान संवेदक आणि त्याचं वाचन संगणकाला पोचवायला आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड आणला. संवेदक स्वस्त आहे, आकडा सरळ डिजिटल देतो आणि नेहमीच्या तापमानांत अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो. डेटाच्या तारेवर ४.७ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) लावायचा, तो विसरलं की वाचन येत नाही. मी विसरलो.

रोध लावल्यावर वाचन आलं: खोली ४४ अंश. तापमापक ३७ दाखवत होता. संवेदक मी कॅबिनेटच्या वर ठेवला होता, म्हणजे जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे. हसू आलं, कारण मे २०२४ च्या अखेरीस याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातम्या झाल्या होत्या. हवामान खात्याने मग संवेदकात बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. आमच्या संवेदकात बिघाड नव्हता, तो ठेवणाऱ्यात होता. कॅबिनेटच्या पुढे खाली, हवा आत ओढली जाते तिथे लावल्यावर दोन्ही आकडे जुळले.

लोगोचा नियम असा ठरला. वीजवापर १५० वॅटच्या वर सलग पाच मिनिटं असेल तरच मोजायचं, नाहीतर जुनाच रंग. कार्ड आणि खोली यांच्यातलं अंतर ४४ पर्यंत निळा, ४७ च्या पुढे नारिंगी, आणि एकदा नारिंगी झाला की ४५ च्या खाली आल्याशिवाय परत निळा नाही. ही शेवटची अट नसेल तर सीमेवरचा आकडा एका अंशाने वरखाली होत राहतो आणि दिवा लग्नातल्या माळेसारखा लुकलुकतो. तापमानही ताजं न घेता शेवटच्या दहा वाचनांची सरासरी घेतली.

माझ्या प्रोग्रामने एक त्रास मात्र दिला, तो सांगायलाच हवा. सुरुवातीला मी रंग सेकंदाला वीस वेळा पाठवत होतो, बदल मऊ दिसावा म्हणून. रात्री भाऊ गेम खेळायला बसला आणि दहा मिनिटांत मला फोन. "दादा, झटके देऊन राहिलं." प्रोग्राम बंद केला की झटके बंद. त्या संथ दोन तारांवर पत्रांचा पूर आला की ड्रायव्हर मध्येच क्षणभर अडखळत असावा. रंग खरोखर बदलला असेल तेव्हाच आणि जास्तीत जास्त दोन सेकंदांतून एकदा पाठवायचा, असं केल्यावर झटके थांबले. मऊपणा गेला. पण तापमान काही सेकंदाला वीसदा बदलत नाही, त्यामुळे काही बिघडलं नाही.

आणि तो जांभळा. मला सर्वांत जास्त भीती निळ्याची होती. समजा प्रोग्राम मध्येच मेला तर पट्टी शेवटच्या रंगावर तशीच राहील. तो निळा असेल तर कार्ड ८५ ला गेलं तरी भाऊ निळा बघून निश्चिंत. खोटं बोलणाऱ्या दिव्यापेक्षा दिवा नसलेला बरा. म्हणून दर दहा सेकंदांनी पट्टी क्षणभर निम्मी होऊन परत येते. त्याला आम्ही श्वास म्हणतो. श्वास थांबला की प्रोग्राम गेला. आणि मशीन झोपेतून उठलं किंवा नियंत्रक स्वतःहून पहिल्यापासून सुरू झाला तर फ्लॅशमधला जांभळा येतो, म्हणजे अजून कोणी ताबा घेतलेला नाही. जांभळा त्याला निळ्यासारखाच दिसतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पण जांभळा श्वास घेत नाही, एवढ्यावर निभावतं.

उघडझापीची परीक्षा घ्यायला कार्ड खरंच ८३ पार नेण्याची गरज नव्हती. मर्यादा तात्पुरती ७० केली, रेंडर लावलं, उघडझाप झाली, मर्यादा परत ८३. आजतागायत ती खऱ्या कारणाने पेटलेली नाही.

जून संपता संपता पाऊस स्थिरावला. खोली २९ वर आली. भावाने सकाळी फोन केला: पट्टी पांढरी आहे, थोडी नारिंगीकडे झुकलेली, म्हणजे मे महिन्यात रोज दुपारी असायची तशीच. पण लोगो नारिंगी आहे. मी आकडे विचारले. कार्ड ७७, खोली २९. अंतर ४८. नुसत्या पट्टीवर विसंबलो असतो तर कोणी ढुंकूनही बघितलं नसतं, कारण मेमध्ये ७८ दिसतच होते.

रविवारी कॅबिनेट उघडलं. पंख्यांच्या मागे, पात्यांच्या फटींत पांढरा मऊ थर बसला होता, धुळीत मुरलेला. मामांच्या गल्लीच्या टोकाला काटेसावरीचं झाड आहे. एप्रिल-मेमध्ये त्याची बोंडं फुटली की अख्ख्या गल्लीत कापूस उडतो, आणि वरच्या मजल्यावरची ती खिडकी उघडीच असते. पंखे एका बोटाने धरून, म्हणजे हवेच्या झोताने ते उलटे गरगरू नयेत असे, ब्लोअरने आणि रंगाच्या मऊ ब्रशने अर्धा तास साफ केलं. तेच रेंडर पुन्हा: कार्ड ७१, अंतर ४२. लोगो सहाव्या मिनिटाला निळा झाला. भावाने खिडकीला मच्छरदाणीची जाळी ठोकली.

हे सगळं चालू असताना मामीचे वडील मुक्कामाला होते. ते वर येऊन खुर्चीत बसले आणि बराच वेळ काचेतून बघत राहिले. "हा निळा, अन् हा पिवळसर," ते म्हणाले. नातवाला जो रंग दिसतो तोच त्यांना. मग त्यांनी विचारलं, घरच्या इन्व्हर्टरचं असं काही करता येईल का. त्याच्यावर दोन दिवे आहेत, एक हिरवा, एक लाल, आणि कोणता पेटलाय हे त्यांना गेली कित्येक वर्षं कोणाला तरी हाक मारून विचारावं लागतं.

इन्व्हर्टरला ना पायथन समजतं, ना ओपनआरजीबी. पण त्याचे दिवे एकाखाली एक आहेत. मी पांढरी चिकटपट्टी लावली आणि जाड मार्करने लिहिलं: वरचा, लाइट आहे. खालचा, बॅटरीवर आहे.